भाववार्ता, शेअर बाजारातील

शेअर बाजारात एखाद्या रोख्याची खरेदी-विक्री कोणत्या किमतीस झाली, त्या वेळी खरेदीदार कोणती किंमत देऊ करीत होते, विक्रेते कोणती मागत होते आणि एकूण किती रोख्यांचा व्यवहार झाला, यांविषयी बाजाराबाहेर पोहोचणाऱ्या माहितीस भाववार्ता म्हणतात. प्रारंभी ही वार्ता निरोप्या, टपाल व तारयंत्र यांच्या द्वारे आणि नंतर वृत्तपत्रे व आकाशवाणी यांच्या द्वारे पसरत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती मुख्यत्वे संगणकांच्या जाळ्यातून मिळू लागली. हे भाव आपोआप मिळवून देणाऱ्या लहान लहान आज्ञावली अनेक देशांतील संगणकलेखकांनी तयार केल्या व सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या. संगणकलेखक अशा आज्ञावलींच्या संचाला ‘लायब्ररी’ म्हणतात. एकच काम करणाऱ्या अशा अनेक लायब्रऱ्या एकाच काळात अस्तित्वात असणे, हे या क्षेत्राचे वैशिष्ट्य होय. बाजारात ठरलेला भाव सार्वजनिक स्वरूपाचा असला, तरी तो पोहोचविणारा मार्ग कोणाच्या तरी मालकीचा असतो. या विसंगतीत वरील द्विरुक्तीचे मूळ आढळते. प्रस्तुत नोंदीत तिचा इतिहास मुंबईचा शेअर बाजार आणि अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील बाजारपेठा यांच्या संदर्भात दिला आहे. कारण भाव कळणे वा न कळणे याचे परिणाम या दोन्ही ठिकाणी स्पष्टपणे दिसून येतात.

पूर्वेतिहास : मुंबईत १८५० नंतरच्या काळात टाउन हॉलजवळील वडाच्या झाडाखाली शेअरदलाल एकत्र जमत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडला होणारा तेथील कापसाचा पुरवठा तुटला आणि भारतीय कापसाला अपूर्व भाव आला. त्यातून मुंबईत पैशाचा महापूर लोटला व प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने शेअरसट्टा शिगेला पोहोचला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता येताच कापसाचे व त्याबरोबर शेअरचे भाव कोसळले. पुढे ९ जुलै १८७५ रोजी देशी शेअरदलालांनी आपली संघटना स्थापन केली. तिचेच पुढे मुंबई शेअर बाजारात रूपांतर झाले.

त्याच १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला व तो अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत इ. तालुक्यांत पसरला. शेतकऱ्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हस्तगत करून जाळण्यात आले. वाढलेला शेतसारा, कर्जवसुलीचे कायदे व तेजीनंतर आलेली मंदी अशी या उठावाची अनेक कारणे सांगितली जातात. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना काही संरक्षण मिळाले. दोन्ही घटनांच्या मागे दूरच्या बाजारातील चढउतार होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. मुंबईच्या दलालाला ते चढउतार आधी कळत, तर नगरच्या कुणब्याला ते सावकाराच्या तोंडून आणि पुष्कळ उशिरा कळत. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाल्यावर अहमदनगर, वांबोरी, राहुरी, बेलापूर व कोपरगाव ही ठिकाणे मोठ्या पेठांशी जोडली गेली आणि वार्तेचे अंतर काहीसे कमी झाले.

याच सुमारास पाश्चात्त्य देशांत भाववार्ता हा स्वतंत्र व्यवसाय बनला. जूलिअस रॉयटर याने १८५० मध्ये आखेन व ब्रुसेल्स यांच्या दरम्यान कबुतरांमार्फत भाव पोहोचविले आणि पुढील वर्षी लंडनमध्ये कचेरी उघडून समुद्रतळाच्या तारेने लंडन व पॅरिस येथील भाव परस्परांना कळविण्यास सुरुवात केली. १८६७ मध्ये न्यूयॉर्क येथे एडवर्ड कॅलहन याने भाव कागदी फितीवर छापणारे तारयंत्र पुढे आणले. टॉमस एडिसन याने त्यात सुधारणा केल्या. यंत्र भाड्याने घेणाऱ्यासच भाव मिळत असल्याने भाववार्ता ही विक्रीची वस्तू ठरली.

विसाव्या शतकातील स्थिती : मुंबई शेअर बाजारास १९५७ मध्ये रोखे करार (नियमन) अधिनियम, १९५६ अन्वये शासनाची मान्यता मिळाली. बाजाराच्या सभागृहात आरोळ्या व हातवारे यांच्या साहाय्याने सौदे होत आणि दिवसअखेर भावांचे अधिकृत पत्रक निघे. भावांच्या या दैनिक पत्रकास दलालवर्गात ‘भावकॉपी’ हे नाव रूढ झाले. देशी व इंग्रजी शब्दांच्या जोडणीतून बनलेले हे नाव संगणकयुगातही टिकून राहिले असून देशोदेशींचे संगणकलेखक भारतीय बाजाराच्या दैनिक भावपत्रकास याच नावाने ओळखतात.

मुंबईबाहेरील गुंतवणूकदार मात्र वृत्तपत्रांवर अवलंबून असे. अहमदनगरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी आदल्या दिवशीचे भाव वाचूनच दलालाला पत्र वा तार करावी लागे. शिवाय या जिल्ह्यात ‘शेअर’ या शब्दाचा परिचित अर्थ निराळाच होता. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगर येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्यात १९५० मध्ये गाळप सुरू झाले आणि त्यानंतर हजारो शेतकरी अशा कारखान्यांचे भागधारक झाले. सहकारी संस्थेचा भाग बाजारात विकला जात नाही. त्याला दर्शनी किंमत असते, पण दररोज बदलणारा भाव नसतो. त्यामुळे भागधारकांची संख्या मोठी असूनही शेअरच्या भाववार्तेची गरज दीर्घकाळ थोड्यांनाच भासली. नगरच्या औद्योगिक वसाहतीत कायनेटिक इंजिनिअरिंगसारखा कारखाना आल्यावर आणि त्याचे शेअर मुंबईच्या बाजारात नोंदले गेल्यावर ही गरज हळूहळू वाढू लागली.

संगणकीकरण : राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये उपग्रहाद्वारे जोडलेल्या संगणकांवर समभागांचे व्यवहार सुरू केले, मुंबई शेअर बाजारानेही १९९५ मध्ये संगणकीय पद्धती स्वीकारली. १९९६ च्या निक्षेपागार अधिनियमामुळे कागदी प्रमाणपत्रांची जागा इलेक्ट्रॉनिक नोंदींनी घेतली आणि २००० पासून आंतरजालावरून सौदे करणे शक्य झाले. मुंबईतील दलालाला व संगमनेर वा श्रीरामपूर येथील गुंतवणूकदाराला एकच भाव जवळजवळ एकाच क्षणी दिसू लागला. मात्र पडद्यावर भाव पाहणे आणि तो आपल्या हिशेबवहीत आपोआप उतरवून घेणे, या भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या गरजेतून प्रस्तुत लायब्रऱ्या जन्माला आल्या.

मुक्त लायब्रऱ्यांचा उदय : आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांना वाचता, बदलता व वाटता यावा, या विचाराला रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पापासून (१९८३) चळवळीचे रूप आले, ‘मुक्तस्रोत’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा १९९८ मध्ये प्रचारात आली. १९९७ मध्ये याहू या कंपनीने अर्थविषयक संकेतस्थळ सुरू केले. तेथील भाव स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या रूपात उतरवून घेता येत. त्यांचा उपयोग करून पर्ल या संगणकभाषेत ‘फायनान्स-कोट’ ही लायब्ररी तयार झाली व ‘ग्नू-कॅश’ या मुक्त हिशेबप्रणालीने ती स्वीकारली. आर या सांख्यिकीय भाषेत ‘क्वांटमॉड’, तर पायथन भाषेत ‘पांडाज’ या प्रसिद्ध लायब्ररीचा एक भाग व त्यातून वेगळी झालेली ‘पांडाज-डेटारीडर’ याच कामासाठी वापरात आल्या. भाषा निराळ्या असल्या, तरी यांपैकी बहुतेकींचा मुख्य पाणवठा एकच होता.

मे २०१७ मध्ये याहूने जुने भाव उतरवून घेण्याची सुविधा बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी चालू भावांची सुविधाही थांबविली. या सुविधेविषयी कंपनीने कोणालाही हमी दिलेली नव्हती. त्यामुळे तक्रारीलाही आधार नव्हता. तिच्यावर विसंबलेल्या असंख्य आज्ञावली निरुपयोगी ठरल्या. रॅन अरूसी यांनी त्याच वर्षी संकेतस्थळाच्या अंतर्गत पत्त्यांवरून भाव मिळविणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. ती २०१९ पासून ‘वायफायनान्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि अत्यंत लोकप्रिय झाली. तथापि हा मार्गही अधिकृत नसल्याने संकेतस्थळाची रचना बदलली की ती लायब्ररी अडते व पुन्हा दुरुस्त करावी लागते.

भारतातही असेच घडले. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून भाव मिळविण्यासाठी ‘एनएसई-टूल्स’ व ‘एनएसई-पाय’, तर मुंबई शेअर बाजारासाठी ‘बीएसई-डेटा’ अशा लायब्रऱ्या निघाल्या. ‘एनएसई-पाय’ जुन्या संकेतस्थळावर आधारलेली असल्याने संकेतस्थळाची नवी रचना आल्यावर तिची उपयुक्तता ओसरली आणि तिच्याच कर्त्याने नव्या रचनेसाठी ‘जुगाड-डेटा’ ही लायब्ररी केली. अधिकृत साधन नसताना हाती असेल त्यावर काम भागविण्याची वृत्ती या नावातून नेमकी व्यक्त होते. भावकॉपीच्या आधारे चालणाऱ्या आज्ञावली तुलनेने स्थिर असतात. परंतु जुलै २०२४ मध्ये जुना साचा बंद होऊन भावकॉपी नव्या एकरूप साच्यात येऊ लागल्यावर त्यांतही बदल करावे लागले.

द्विरुक्तीची कारणे : एकाच कामासाठी अनेक लायब्रऱ्या निर्माण होण्याची मुख्य कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील : (१) प्रत्येक संगणकभाषेच्या वापरकर्त्यांना आपल्या भाषेतील साधन हवे असते. (२) उगमस्थान बंद पडले, की जुनी लायब्ररी दुरुस्त करण्यापेक्षा नवी लिहिणे अनेकांना सोपे वाटते. (३) बहुतेक लायब्रऱ्यांची देखभाल एक-दोन व्यक्ती फावल्या वेळात, विनावेतन करतात. त्यांनी हात आखडता घेतला, की वापरकर्त्यांपैकी कोणी तरी प्रत काढून वेगळी वाट धरतो. (४) बाजारांच्या खुणा वेगवेगळ्या असतात. कायनेटिक इंजिनिअरिंगच्या शेअरला मुंबईच्या बाजारात ५००२४० हा सहा अंकी क्रमांक आहे. राष्ट्रीय बाजार अक्षरी खूण वापरतो. याहू या खुणांना आपला वेगळा प्रत्यय जोडते. एका बाजारासाठी लिहिलेली लायब्ररी त्यामुळे दुसऱ्या बाजारात चालत नाही.

याउलट, उगमस्थान अधिकृत, साधे व स्थिर असेल, तेथे अशी धावपळ कमी आढळते. भारतीय म्युच्युअल फंडांची संघटना सर्व योजनांचे निव्वळ मत्तामूल्य दररोज एकाच साध्या मजकुराच्या धारिकेत विनामूल्य प्रसिद्ध करते. ‘फायनान्स-कोट’मध्ये या धारिकेसाठी स्वतंत्र विभाग असून ती वाचण्यास फारशा युक्त्या लागत नाहीत. यावरून असे दिसते, की लायब्रऱ्यांची गर्दी हा संगणकलेखकांच्या हौसेपेक्षा उगमाच्या अस्थिरतेचा परिणाम होय.

वापरातील धोके : अनेक लायब्रऱ्या उपलब्ध असल्याने भाव पडताळून पाहता येतो, असा समज होणे स्वाभाविक आहे, पण तो बहुधा भ्रामक असतो. दोन लायब्रऱ्या एकाच संकेतस्थळावरून भाव घेत असतील, तर त्यांचे एकमत हे एकाच ऐकीव गोष्टीवर दिलेल्या दोन साक्षींसारखे ठरते. मूळ ठिकाणी चूक असेल, तर ती दोन्हींकडे सारखीच उतरते.

याच्या उलट, दोन भिन्न भाव मिळूनही दोन्ही बरोबर असणे शक्य आहे. राष्ट्रीय बाजाराच्या दीर्घकाळ चाललेल्या पद्धतीनुसार दिवसाचा बंद भाव हा शेवटच्या अर्ध्या तासातील सौद्यांची भारित सरासरी असतो. अखेरच्या एका सौद्याचा भाव त्याहून वेगळा असू शकतो. एक लायब्ररी पहिला आकडा देते, दुसरी दुसरा. बोनस समभाग व शेअरचे विभाजन यांमुळे याहून मोठा घोटाळा होतो. रिलायन्स इंडस्ट्रीजच्या शेअरचा भाव २८ ऑक्टोबर २०२४ रोजी एकास एक या प्रमाणातील बोनसमुळे सुमारे निम्म्यावर आला. भागधारकाजवळील शेअरची संख्या दुप्पट झाल्याने त्याचे नुकसान झाले नाही. मागील भाव या बदलाशी जुळवून देणाऱ्या लायब्ररीत ही घसरण दिसत नाही, तर न जुळवणाऱ्या लायब्ररीत एका दिवसात निम्मी रक्कम बुडाल्याचा भास होतो. एकीतील जुने भाव व दुसरीतील नवे भाव एकत्र केल्यास हिशेब सर्वस्वी चुकतो. निवृत्तीच्या पुंजीचा वा मुलांच्या शिक्षणासाठी केलेल्या बचतीचा आढावा अशा आकड्यांवरून घेणाऱ्याला हा फरक ठाऊक असणे आवश्यक आहे.

मालकीचा प्रश्न : भावांवर कोणाचा हक्क, हा वाद जुना आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड विरुद्ध क्रिस्टी या खटल्यात बाजाराने गोळा केलेले भाव ही त्या बाजाराची मालमत्ता असल्याचे मान्य केले. निकाल न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिला. प्रत्यक्ष खरेदी-विक्री न करता केवळ भावांवर पैजा लावणारी दुकाने हे भाव वापरीत, हा त्या खटल्याचा विषय होता. मुंबईत ज्याला ‘डब्बा’ म्हणतात, त्या अवैध व्यवहाराशी या दुकानांचे साम्य आहे. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) मे २०२४ मध्ये तत्कालीन भाव आभासी खेळांसाठी तिसऱ्या पक्षास देण्यास मनाई केली आणि शिक्षणासाठी एक दिवसाच्या विलंबाची अट घातली. जानेवारी २०२५ मध्ये केवळ शिक्षण देणाऱ्यांनी मागील तीन महिन्यांतील भाव वापरू नयेत, असेही मंडळाने सांगितले. शिक्षणाच्या नावाखाली शेअरखरेदीचे सल्ले देणाऱ्यांना आळा घालणे, हा त्यामागील हेतू होय. मुक्त लायब्ररीचा मजकूर खुला असला, तरी तिच्यातून येणारे भाव आपोआप मुक्त होत नाहीत, हा भेद वापरकर्ते पुष्कळदा विसरतात.

शेतमालाच्या भावाशी तुलना : अहमदनगर जिल्ह्यात भाववार्तेचा सर्वांत व्यापक उपयोग शेअरसाठी नव्हे, तर कांद्यासाठी होतो. पूर्वी अडते व व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवीत; या ‘हत्ता’ पद्धतीत माल ज्याचा त्यालाच भाव कळत नसे. मुंबई राज्याचा १९३९ चा आणि महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न बाजारविषयक कायदा यांच्याखाली नियंत्रित बाजार आले व उघड लिलावाची पद्धत दृढ झाली. नगरजवळील नेप्ती, नेवासे तालुक्यातील घोडेगाव व राहुरी तालुक्यातील वांबोरी येथील उपबाजार, तसेच पारनेर, संगमनेर, कोपरगाव इ. ठिकाणच्या बाजार समित्या येथील कांद्याची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर क्विंटलमागे नोंदविले जातात. १९८४ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ, केंद्र शासनाचे २००० मध्ये सुरू झालेले ‘ॲगमार्कनेट’ व २०१६ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय कृषी बाजार (ई-नाम) ही भाव प्रसिद्ध करणारी सार्वजनिक माध्यमे होत. शासनाच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरून (स्थापना २०१२) ॲगमार्कनेटचे दैनिक भाव संगणकाला थेट वाचता येतील अशा रूपात मिळतात.

येथेही द्विरुक्ती आहे आणि आकड्यांचा अर्थ जाणून घेण्याची गरजही आहे. सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी बहुतेक माल ज्या दराने विकला गेला तो दर होय. कमाल दर एखाद्याच निवडक वक्कलाला मिळालेला असू शकतो. कमाल दर पाहून माल दूरच्या बाजारात नेणाऱ्या शेतकऱ्याला वाहतूकखर्च अंगावर पडण्याचा धोका असतो. गावांच्या नावांचे लेखनही एकसारखे नसते : ‘राहुरी’ व ‘राहूरी’ ही माणसाला एकच वाटणारी नावे संगणकाला दोन वाटतात. जिल्ह्याचे नाव बदलल्यावर नावावरून भाव शोधणाऱ्या आज्ञावलींपुढेही हीच अडचण येते. जुन्या व नव्या नावांखालील नोंदी जोडून घेतल्या नाहीत, तर मालिका मध्येच तुटते. असे असले, तरी शेतमालाच्या भावांची नोंद ठेवून ती प्रसिद्ध करणे हे शासनाने कर्तव्य म्हणून स्वीकारले आहे. त्यामुळे नोंद चुकली वा थांबली, तर तक्रार कोठे करावयाची हे ठाऊक असते.

मूल्यमापन : मुक्त लायब्रऱ्यांनी भाववार्ता सामान्य अभ्यासकाच्या आवाक्यात आणली. महागडी सेवा विकत घेऊ न शकणारा जिल्ह्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही त्यांच्यामुळे वर्षानुवर्षांच्या भावांचा अभ्यास करू शकतो, हे त्यांचे मोठे कार्य होय. एक लायब्ररी बंद पडली तरी दुसरी हाताशी असते, हा द्विरुक्तीचा लाभही नाकारता येत नाही. तथापि श्रमांचा अपव्यय, आकड्यांतील विसंगती व थोड्या स्वयंसेवकांवर पडणारा भार ही तिची किंमत आहे. आणखी एक लायब्ररी निर्माण झाल्याने हा प्रश्न सुटत नाही. दिवसअखेरचे भाव निश्चित साच्यात, पूर्वसूचनेशिवाय न बदलता व सर्वांना खुले ठेवण्याची जबाबदारी बाजारांनी स्वीकारली, तरच तो सुटू शकेल. १८७५ मध्ये नगरच्या शेतकऱ्याजवळ भाव जाणून घेण्याचे स्वतंत्र साधन नव्हते. आज साधने अनेक आहेत. त्यांतील भाव कोठून आला, तो कोणत्या प्रकारचा आहे व उद्याही मिळेल काय, हे तपासण्याची गरज मात्र कायम आहे.